सुपरसेटमध्ये टेबलची रचना बदलल्यावर डेटासेट अद्ययावत कसा करावा

डेटाबेसमधील टेबलात नवा कॉलम आला, एखाद्या कॉलमचे नाव बदलले किंवा त्याचा डेटाप्रकार बदलला, तरी अपाचे सुपरसेट या डेटाचे चार्ट दाखवणाऱ्या साधनातील डॅशबोर्डाला त्याचा पत्ता आपोआप लागत नाही. सुपरसेट मूळ डेटा स्वतःकडे ठेवत नाही. प्रत्येक चार्टची क्वेरी मूळ डेटाबेसवरच चालते. मात्र टेबलात कोणकोणते कॉलम आहेत, त्यांचे प्रकार काय आहेत, त्यांतला तारखेचा कॉलम कोणता आणि वापरकर्त्याला दाखवायचे लेबल काय, याची नोंद तो आपल्या वेगळ्या मेटाडेटा डेटाबेसमध्ये करतो, आणि ही नोंद डेटासेट (चार्टांसाठी सुपरसेटमध्ये नोंदवलेले टेबल किंवा क्वेरी) तयार होताना एकदा घेतली जाते. जमिनीचा व्यवहार झाला तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते, तशीच ही स्थिती आहे. तो फेरफार कसा घालावा आणि तो घालताना चालू असलेले चार्ट कसे सांभाळावेत, हे या लेखात सांगितले आहे.

सुपरसेटने टेबलावर सतत नजर ठेवून यादी आपली आपण बदलावी, अशी अपेक्षा नव्या वापरकर्त्याला असते. माझ्या मते सध्याची पद्धतच रास्त आहे. कॉलमच्या नोंदीला लोकांनी लिहिलेली लेबले, वर्णने आणि फिल्टरविषयीचे पर्याय जोडलेले असतात. रात्री डेटा भरताना एखादे टेबल काही मिनिटे अर्धवट अवस्थेत राहिले आणि नेमक्या त्या वेळी यादी आपोआप बदलली, तर हे सगळे काम पुसले जाईल. म्हणून हा बदल माणसाने पाहून, समजून करावा हेच बरे.

उदाहरणासाठी एका दूध संघाचे कल्पित टेबल घेऊ. ‘दूध_संकलन’ या टेबलात ‘संकलन_दिनांक’, ‘केंद्र_कोड’, ‘लिटर’ आणि ‘फॅट’ असे कॉलम आहेत, आणि आता त्यात ‘एसएनएफ’ (दुधातील फॅट सोडून इतर घनपदार्थांचे प्रमाण) हा कॉलम वाढवला आहे. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा खरेदी दर सहसा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर जाहीर होतो. त्यामुळे डॅशबोर्डावर फक्त फॅट दिसून भागत नाही, ही मागणी आज ना उद्या येतेच.

हात घालण्यापूर्वीची तपासणी

सर्वप्रथम एसक्यूएल लॅब, म्हणजे सुपरसेटमधील क्वेरी लिहून चालवण्याची जागा, उघडावी आणि नव्या कॉलमचे नाव लिहून दहा ओळींची साधी सिलेक्ट क्वेरी चालवून पाहावी. क्वेरी चालली, तर सुपरसेट ज्या खात्याने डेटाबेसला जोडलेला आहे त्या खात्याला कॉलम दिसतो आणि वाचताही येतो, हे एकाच वेळी सिद्ध होते. ही पायरी वगळणारे पुढे तासभर चुकीच्या ठिकाणी शोध घेत बसतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वाचनाचा अधिकार संपूर्ण टेबलाऐवजी निवडक कॉलमांवर दिलेला असेल, तर नंतर वाढवलेल्या कॉलमला तो अधिकार आपोआप लागू होत नाही. अशा वेळी कॉलम यादीत दिसतो, पण चार्ट मात्र परवानगी नाकारल्याची त्रुटी दाखवतो. एसक्यूएल लॅबच्या डावीकडील टेबलांची यादी कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) आलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. नवे टेबल तिथे दिसत नसेल, तर त्या यादीशेजारचे रिफ्रेशचे चिन्ह दाबावे.

डेटासेट टेबलावर नसून व्ह्यूवर (डेटाबेसमध्ये टेबलासारख्या वापरल्या जाणाऱ्या साठवलेल्या क्वेरीवर) बांधलेला असेल, तर अडचण सुपरसेटच्याही आधी सुरू होते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्हींमध्ये ‘सिलेक्ट स्टार’ लिहून केलेल्या व्ह्यूची कॉलमयादी तो व्ह्यू तयार होताना पक्की होते. मूळ टेबलात नंतर वाढवलेला कॉलम त्या व्ह्यूमध्ये उतरत नाही, मग सुपरसेटमध्ये कितीही वेळा सिंक केले, म्हणजे कॉलमयादी पुन्हा जुळवली, तरी तो येणार कुठून? व्ह्यू नव्याने लिहावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये ‘क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू’ वापरताना नवा कॉलम यादीच्या शेवटीच जोडता येतो. मध्ये घुसवायचा असल्यास व्ह्यू काढून पुन्हा करावा लागतो आणि मग त्यावरचे अधिकारही पुन्हा द्यावे लागतात.

त्यानंतर डेटासेटांच्या यादीत जाऊन संबंधित डेटासेट एक्सपोर्ट करून ठेवावा. एक झिप फाइल मिळते, तिच्यातील यामल फाइलीत कॉलम, लेबले, मेट्रिके (बेरीज, सरासरी यांसारखी सूत्रे) आणि हिशेबी कॉलम असे सगळे साध्या मजकुरात असते. बदल अंगाशी आला तर हीच फाइल इंपोर्ट करून पूर्वस्थिती आणता येते, आणि न आला तरी जुन्या व नव्या फाइलींची तुलना करून नेमके काय बदलले ते दाखवता येते.

डेटासेट बदलण्याचा अधिकार त्या डेटासेटच्या मालकांना आणि ॲडमिनला असतो. संपादनाचे चिन्ह निष्क्रिय दिसत असेल, तर सध्याच्या मालकाकडून आपले नाव मालकांच्या यादीत घालून घ्यावे.

कॉलम जुळवून घेणे

मुख्य मेनूतून ‘डेटासेट्स’ या पानावर जावे. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये हा रस्ता ‘सोर्सेस’मधील ‘टेबल्स’ असा किंवा ‘डेटा’ मेनूखाली सांगितलेला आढळतो. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीच्या आसपास हे मेनू बरेच बदलले, म्हणून नावे जुळली नाहीत तरी गोंधळून जाऊ नये. संबंधित डेटासेटच्या ओळीवर माउस नेल्यास पेन्सिलचे चिन्ह दिसते. ते दाबल्यावर एक खिडकी उघडते आणि तिच्यात सोर्स, मेट्रिक्स, कॉलम्स, कॅल्क्युलेटेड कॉलम्स व सेटिंग्ज असे टॅब असतात.

‘कॉलम्स’ टॅबमध्ये ‘सिंक कॉलम्स फ्रॉम सोर्स’ असे बटण आहे. ते दाबल्यावर सुपरसेट मूळ टेबलाची सध्याची रचना विचारून घेतो, आपल्या नोंदीशी ताडून पाहतो आणि कोणते कॉलम नवे आले, कोणते गेले व कोणत्यांचा प्रकार बदलला, हे पडद्याच्या कडेला छोट्या सूचनांमधून सांगतो. या सूचना काही क्षणांतच नाहीशा होतात, पण त्या वाचणे फार महत्त्वाचे आहे. आपण एकच कॉलम वाढवला असताना ‘काढलेले कॉलम’ अशी सूचना आली, तर तिथेच थांबावे: कोणीतरी आपल्याला न कळवता टेबलात आणखी काही बदलले आहे, किंवा डेटासेट भलत्याच स्कीमातील (डेटाबेसमधील टेबलांच्या गटातील) त्याच नावाच्या टेबलाकडे बोट दाखवतो आहे.

या क्षणापर्यंत काहीही कायम झालेले नसते. सिंकचा परिणाम त्या खिडकीपुरताच असतो. ‘कॅन्सल’ दाबल्यास जुनी नोंद जशीच्या तशी राहते आणि ‘सेव्ह’ दाबल्यावरच बदल लागू होतो. सेव्ह करताना, हा बदल या डेटासेटवरील सर्व चार्टांना लागू होईल, असा इशारा येतो. सवयीने ‘ओके’ दाबण्याआधी डेटासेटवर कोणते चार्ट बांधलेले आहेत ते पाहून घ्यावे. चार्टांच्या यादीत डेटासेटच्या नावाने गाळणी लावली की ती नावे मिळतात.

ज्या कॉलमांचे नाव तेच राहिले त्यांची लेबले आणि वर्णने सिंकनंतरही टिकतात. ‘कॅल्क्युलेटेड कॉलम्स’मध्ये आपण लिहिलेले हिशेबी कॉलमही टिकतात, कारण ते मूळ टेबलात नाहीत हे सुपरसेट जाणतो. परंतु त्या सूत्रांमध्ये आणि मेट्रिकांच्या सूत्रांमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या कॉलमचा उल्लेख उरला असेल, तर सिंक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ही सूत्रे त्याच्या लेखी केवळ मजकूर आहेत. चूक उघड होते ती चार्ट चालवल्यावर.

नवा कॉलम कामाला लावणे

कॉलम यादीत आला म्हणजे काम संपले, असे नाही. त्याच्या ओळीत त्यावर गाळणी लावता येईल का, त्यानुसार गट पाडता येतील का आणि तो वेळदर्शक आहे का, हे ठरवणाऱ्या चौकटी असतात. ‘एसएनएफ’ हे मोजमाप आहे. त्यानुसार गट पाडण्यात अर्थ नाही, म्हणून त्याची ‘डायमेन्शन’ची चौकट मी रिकामी ठेवीन, म्हणजे चार्ट बनवणाऱ्याच्या यादीत तो विनाकारण मिरवणार नाही. ओळ उघडून लेबल आणि वर्णन तिथल्या तिथे लिहावे. ‘नंतर लिहू’ म्हणून सोडलेली वर्णने कोणी लिहीत नाही.

खरी मेख मेट्रिकात आहे. नव्या कॉलमवर चार्ट बनवताना हात सहज ‘ॲव्हरेज’कडे जातो. एका केंद्रावर १,००० लिटर दूध ३.४ फॅटचे आणि दुसऱ्यावर १०० लिटर दूध ४.२ फॅटचे आले, तर साधी सरासरी ३.८ येते, टँकरमधल्या दुधाचे फॅट मात्र ३.४७ च्या आसपास भरते. म्हणून अशा कॉलमसाठी ‘मेट्रिक्स’ टॅबमध्ये भारित सरासरीचे मेट्रिक लिहून ठेवावे: फॅट गुणिले लिटर यांची बेरीज, भागिले लिटरची बेरीज.

‘एसएनएफ’साठी हेच सूत्र नाव बदलून वापरले, तर नवी अडचण उभी राहते, आणि ती थेट टेबलाची रचना बदलल्यातून आलेली असते. कॉलम आज वाढवला, पण जुन्या ओळींमध्ये त्याची किंमत नल, म्हणजे रिकामी, आहे. नल गुणिले लिटर याचे उत्तर नल येते आणि बेरीज त्या ओळी गाळते. खालच्या बेरजेत मात्र त्या ओळींचे लिटर मोजले जातातच. १,००० लिटरला ८.४ एसएनएफ नोंदवलेले आहे आणि आणखी १,००० लिटरला काहीच नोंदवलेले नाही, तर सूत्राचे उत्तर ४.२ येईल. संकलन केंद्रावर काम केलेला कोणीही हा आकडा पाहून हसेल, पण तोच चार्टवर रेषेच्या रूपात असेल तर ‘सुरुवातीला दर्जा खालावला होता, मग सुधारला’ असा निष्कर्ष बैठकीत निघू शकतो. यावर उपाय असा, की छेदात ‘केस व्हेन’ ही एसक्यूएलमधील अट वापरून एसएनएफ नल नसलेल्या ओळींचेच लिटर मोजावेत. आणि डेटाबेसमध्ये कॉलम वाढवणाऱ्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवावे, की मोजमापाच्या कॉलमला शून्य ही पूर्वनिर्धारित किंमत देऊ नये. शून्य दिल्यास नलची ही तपासणीही निरुपयोगी ठरते, कारण न मोजलेले दूध आणि मोजून शून्य आलेले दूध यांत फरकच उरत नाही.

नाव बदलणे, म्हणजे सगळ्यांत जोखमीचे काम

सुपरसेटचे चार्ट कॉलमला त्याच्या नावाने ओळखतात. डेटाबेसमध्ये ‘केंद्र_कोड’चे ‘संकलन_केंद्र’ झाले, तर सिंकच्या दृष्टीने एक कॉलम गेला आणि दुसरा, अनोळखी कॉलम आला. दोन्ही एकच आहेत हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. जुन्या कॉलमचे लेबल व वर्णन त्याच्याबरोबर जाते, आणि तो वापरणारा प्रत्येक चार्ट, डॅशबोर्डावरील प्रत्येक फिल्टर त्रुटी दाखवू लागतो. ओळनिहाय सुरक्षेच्या नियमांमध्ये (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणाऱ्या अटींमध्ये) तो कॉलम असेल, तर ज्या भूमिकांना तो नियम लागू आहे त्यांच्यासाठी त्या डेटासेटवरील सगळेच चार्ट बंद पडतात. गंमत अशी, की ॲडमिनला तो नियम लागू नसेल तर त्याच्या पडद्यावर सर्व ठीक दिसते आणि तक्रार खोटी वाटते. म्हणून अशा बदलानंतर तपासणी नेहमी सामान्य वापरकर्त्याच्या खात्यातून करावी.

नाव बदलण्याचे कारण केवळ दिसण्यापुरते असेल, तर डेटाबेसला हात लावूच नये. ‘कॉलम्स’ टॅबमध्ये त्या कॉलमला ‘संकलन केंद्र’ असे लेबल द्यावे. चार्टमध्ये ते दिसेल आणि आतले नाव तेच राहील.

नाव बदलणे अटळच असेल, तर एक उपयुक्त युक्ती आहे. सिंक करून नवा कॉलम यादीत आला, की ‘कॅल्क्युलेटेड कॉलम्स’ टॅबमध्ये जुन्याच नावाचा, म्हणजे ‘केंद्र_कोड’ नावाचा हिशेबी कॉलम तयार करावा आणि सूत्रात फक्त ‘संकलन_केंद्र’ एवढेच लिहावे. जुने चार्ट व फिल्टर हे नाव शोधतात, त्यांना ते मिळते आणि ते चालू राहतात. सुरक्षेच्या नियमांना मात्र ही युक्ती लागू पडत नाही. त्यांतील मजकूर जसाच्या तसा क्वेरीत जातो, त्यामुळे तिथे नवे नाव हातानेच लिहावे लागते. मग एकेक चार्ट सवडीने नव्या कॉलमवर आणावा आणि शेवटी हा पूल काढून टाकावा. काढायचा दिवस आधीच ठरवावा, नाहीतर वर्षभराने यादीत एकाच अर्थाचे दोन कॉलम दिसतात आणि खरा कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही.

डेटाबेस आपल्या ताब्यात असेल, तर त्याहून चांगला क्रम असा आहे: आधी नवा कॉलम वाढवून त्यात जुन्याचा डेटा भरावा, काही काळ दोन्ही कॉलम लिहीत राहावे, सुपरसेटमधील चार्ट हलवावेत आणि मगच जुना कॉलम काढावा. यात श्रम जास्त आहेत, पण डॅशबोर्ड एक मिनिटही बंद पडत नाही. कॉलम काढून टाकण्याच्या बाबतीतही हाच क्रम उलट दिशेने लागू होतो. आधी चार्टांमधून त्याचा वापर संपवावा, मग डेटाबेसमधून तो काढावा आणि शेवटी सिंक करावे.

प्रकार बदलल्यास

मजकूर म्हणून साठवलेली तारीख खऱ्या तारखेच्या प्रकारात आणणे हा सर्वांत नेहमीचा बदल. सिंकनंतर ‘संकलन_दिनांक’समोर ‘इज टेम्पोरल’च्या, म्हणजे वेळदर्शकाच्या, चौकटीत खूण आहे का, आणि डेटासेटचा मुख्य वेळदर्शक कॉलम तोच आहे का, हे पाहावे. पूर्वी त्या कॉलमला तारखेचा नमुना लिहून दिलेला असेल तर तो पुसून टाकावा. खऱ्या तारखेच्या कॉलमला त्याची गरज नसते. उलट, कॉलम मजकूरच राहणार असेल तर वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानेच तारखा साठवाव्यात. आपल्याकडे सर्रास लिहितात तसा ०१-०३-२०२४ हा दिवस आधीचा क्रम अक्षरक्रमाने लावल्यास कालक्रम मोडतो, आणि वेळेचा फिल्टर चुकीच्या ओळी उचलतो.

पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू ज्या कॉलमवर अवलंबून आहे त्याचा प्रकार थेट बदलता येत नाही. आधी व्ह्यू काढावा लागतो. हा बदल दिवसाढवळ्या केल्यास मधल्या काळात डॅशबोर्ड त्रुटी दाखवेल, याची कल्पना संबंधितांना द्यावी.

व्हर्च्युअल डेटासेट

डेटासेट टेबलावर नसून लिहिलेल्या क्वेरीवर उभा असेल, तर ‘सोर्स’ टॅबमधील कुलूप उघडून त्या क्वेरीत नवा कॉलम वाढवावा. त्यानंतर आधी सेव्ह करावे, खिडकी पुन्हा उघडावी आणि मग सिंक करावे; काही आवृत्त्यांमध्ये सिंक साठवलेली क्वेरी पाहते, समोर नुकतीच बदललेली नाही. क्वेरीत जिंजाचे साचे (क्वेरी चालताना किंमत भरली जाते अशा जागा) असतील आणि त्यांना बाहेरून किंमत मिळत असेल, तर सिंकच्या वेळी ती किंमत नसल्यामुळे क्वेरी मोडू शकते. अशा साच्यांना पूर्वनिर्धारित किंमत द्यावी. एसक्यूएल लॅबमधून जुन्या डेटासेटवर ‘ओव्हरराइट’ करण्याचाही पर्याय आहे, पण त्यात कॉलमयादी नव्याने लिहिली जाते; त्यानंतर लेबले जागेवर आहेत का ते तपासावे. मला स्वतःला तो रस्ता पसंत नाही.

बदल झाला, तरी चार्ट जुनाच

सेव्ह झाल्यावरही चार्टमध्ये जुने आकडे दिसत असतील, तर ते बहुधा कॅशमधले असतात. चार्टच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांच्या मेनूत ‘फोर्स रिफ्रेश’ आहे, आणि डॅशबोर्डाच्या मेनूतून सर्व चार्ट एकदम ताजे करता येतात. एक्सप्लोरच्या, म्हणजे चार्ट संपादनाच्या, पानावर एखाद्या कॉलमशेजारी इशाऱ्याचे चिन्ह दिसत असेल, तर तो कॉलम डेटासेटमध्ये उरलेला नाही असे समजावे आणि तो ओढून बाहेर काढून त्या जागी नवा ठेवावा.

एकाच वेळी अनेक डेटासेट बदलायचे असतील, तर प्रत्येक खिडकी उघडत बसण्याची गरज नाही. सुपरसेटच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामद्वारे आज्ञा देण्याच्या सोयीत) डेटासेटच्या क्रमांकावर ‘रिफ्रेश’ची पुट विनंती पाठवण्याची सोय आहे, लॉगिनच्या एपीआयकडून टोकन घेऊन छोट्या पायथन स्क्रिप्टने क्रमांकांच्या यादीवर ती चालवता येते. मात्र इथे सूचना वाचून ‘कॅन्सल’ दाबण्याची संधी नसते, विनंती गेली की नोंद बदललीच. म्हणून ही स्क्रिप्ट फक्त कॉलम वाढवण्याच्या बदलांसाठी वापरावी, आणि तिच्या सुरुवातीलाच सर्व डेटासेटांचे एक्सपोर्ट काढून तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवण्याची तजवीज करावी.